सीडीसीचं मोफत आयसीडी-१०-सीएम ब्राउझर टूल: एच६७ च्या कसोटीवर

मेडिकल कोडिंगचं, म्हणजे निदानांना ठरलेले कोड देण्याचं, साधन तपासायचं तर सोपा कोड घेऊन उपयोग नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाचा कोड कुठल्याही सर्च बॉक्समध्ये सापडतो. म्हणून इथे घेतलाय एच६७, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे झालेला मध्यकर्णदाह. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन चार्ट (रुग्णांच्या नोंदी) कोड करणाऱ्यांपुढे तो रोज येत नाही, पण येतो तेव्हा विम्याचा क्लेम अडकवायची ताकद त्याच्यात नक्की आहे. या कसोटीवर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं, आयसीडी-१०-सीएम या तिथल्या निदान-कोडांच्या यादीचं ब्राउझर टूल चांगलं उतरतं. अट एकच, ते पूर्ण वाचायची सवय हवी.

टूल उघडल्यावर आधी वर्ष निवडा. अमेरिकेतलं कोडिंगचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि २०२२ पासून १ एप्रिललाही बदल लागू होऊ शकतात. चार्ट आज हातात आला म्हणून आजची आवृत्ती लावायची नसते. ओपीडीसाठी तपासणीची तारीख धरायची, भरती रुग्णासाठी डिस्चार्जची. एच६७ शी जोडलेलंच उदाहरण बघा: प्लास्मिनोजेनच्या कमतरतेचा ई८८.०२ हा कोड १ ऑक्टोबर २०१८ पासून आहे. त्याआधीच्या चार्टवर तो टाकला तर अवैध ठरेल.

मग इंडेक्समध्ये, म्हणजे आजारांच्या नावांच्या अक्षरवार यादीत, ‘ओटायटिस, मीडिया, इन’ (अमुक आजारातला मध्यकर्णदाह) इथवर जा. टूलची खरी किंमत इथे कळते. फ्लू, गोवर, स्कार्लेट फीव्हर आणि क्षय यांच्यापुढे एच६७ दिसतच नाही. गोवराला बी०५.३, स्कार्लेट फीव्हरला ए३८.०, क्षयाला ए१८.६. फ्लूसाठी विषाणूच्या प्रकारानुसार जे०९.एक्स९, जे१०.८३ किंवा जे११.८३. यातल्या बहुतेक कोडांच्या नावातच कानाचा आजार आलेला आहे, त्यामुळे एच६७ सोबत जोडायचा नाही. टॅब्युलर लिस्टमध्ये, म्हणजे कोडांच्या क्रमाने लावलेल्या यादीत, हेच चार आजार एच६७ खाली ‘एक्सक्लूड्स १’ (सोबत लावायचे नाहीत) म्हणून छापलेत. मग एच६७ उरतो कशासाठी? बी०० ते बी३४ मधल्या इतर विषाणूजन्य आजारांसाठी आणि त्या ई८८.०२ साठी. ही नावं ‘उदाहरणार्थ’ म्हणून दिलेली आहेत, यादी तिथे संपत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन ब्राउझर शेजारी उघडे असले की. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० ब्राउझरही मोफत आहे आणि दिसायला नेटका आहे. भारतातल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात शिकलेल्यांचा हात आधी तिकडेच जातो. पण त्यात एच६७.० म्हणजे जिवाणूजन्य आजारातला मध्यकर्णदाह, एच६७.१ विषाणूजन्य आणि एच६७.८ इतर. अमेरिकन आवृत्तीत मात्र एच६७.१ उजवा कान, एच६७.२ डावा, एच६७.३ दोन्ही आणि एच६७.९ म्हणजे बाजू नोंदवलेली नाही. एच६७.१ दोन्हीकडे वैध असल्यामुळे सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, आणि डाव्या कानाचा रुग्ण उजव्या कानाचा होऊन बसतो. शिवाय संघटनेच्या पद्धतीत गोवरासाठी बी०५.३ ला खंजीरचिन्ह (मूळ आजार) आणि एच६७.१ ला तारांकन (त्याचा परिणाम) अशी जोडी लावतात. तीच जोडी अमेरिकन क्लेमवर लावली की एक्सक्लूड्स १ मोडला. अमेरिकन चार्टसाठी हा ब्राउझर बंदच ठेवावा.

आता क्रम. डॉक्टरांनी लिहिलंय: कांजिण्यांमुळे डाव्या कानाचा मध्यकर्णदाह, पडद्याला मध्यभागी छिद्र. कोड असे लागतील: बी०१.८९, मग एच६७.२, मग एच७२.०२. एच६७ खाली मूळ आजार आधी लिहिण्याची सूचना आहे आणि पडद्याच्या छिद्रासाठी एच७२ जोडण्याचीही. एच७२ पाशी उलट बाजूने ‘ओटायटिस आधी’ असं छापलंय. एच६७ पहिला टाकला तर तो मॅनिफेस्टेशन कोड, म्हणजे मूळ आजाराचा परिणाम दाखवणारा कोड, असल्यामुळे क्लेम परत येणार, आणि नुसता तीन अक्षरी एच६७ टाकला तर अपुरा म्हणून. फ्लूच्या जे१०.८३ लाही छिद्रासाठी एच७२ जोडता येतो, हे बरेच जण विसरतात.

टूलमध्ये न दिसणारी एक बाब कोडरने स्वतः सांभाळायची आहे. इंडेक्समधल्या ‘इन’ किंवा ‘विथ’ खाली आजाराचं नाव थेट असेल, जसा गोवर, तर डॉक्टरांनी संबंध नाकारला नसेल तोवर तो गृहीत धरता येतो. एच६७ पुढे मात्र ‘व्हायरल डिसीज एनईसी’ (इतरत्र न दिलेला विषाणूजन्य आजार) असं मोघम लिहिलंय. तिथे गृहीत धरणं चालत नाही. ‘मुळे’ असा स्पष्ट शब्द नोंदीत हवा, नसेल तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवा. सर्दी झालेल्या मुलाचा कान दुखतोय एवढ्यावर एच६७ लावणं चूकच.

खटकणारी बाजू आहे ती सूचनांच्या जागेची. त्या एच६७ च्या मथळ्याखाली एकदाच येतात, एच६७.२ च्या ओळीपाशी पुन्हा छापलेल्या नसतात. थेट कोड टाकून खाली पोचणाऱ्याच्या नजरेतून त्या निसटतात, म्हणून दर वेळी मथळ्यापर्यंत वर जावंच लागतं.

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड भरणाऱ्यांनी हे जास्त जपावं. मोफत मिळणाऱ्या ऑर्डर फाइलमध्ये एच६७२ असा टिंबाशिवायचा कोड, मथळ्याला ० आणि वैध कोडला १ ही खूण आणि नाव एवढंच असतं. एक्सक्लूड्स आणि क्रमाच्या सूचना हव्या असतील तर टॅब्युलरची एक्सएमएल फाइल उतरवून घ्या.