स्टार ट्रेक (2009): रिबूटची धास्ती अर्धी खरी

कॉलेज रोडच्या आमच्या ग्रुपमध्ये रिबूट (जुनी गोष्ट नव्याने सुरू करणं) म्हटलं की भांडण ठरलेलं, म्हणून रविवारी मिसळ हाणून परत हाच लावला. 1966 च्या टीव्ही मालिकेपासूनचं सगळं पुसून टाकतील ही फॅन्सची भीती होती ना, त्यावर दिग्दर्शक जे. जे. एब्रम्सच्या टीमने भारी तोड काढलीय, टाइमलाइनच वेगळी केली, म्हणजे जुनं जागच्या जागी आणि वर म्हातारा स्पॉक म्हणून खुद्द जुन्या मालिकेतला स्पॉक, लिओनार्ड निमॉय! तिथे आमचा सगळ्यात खडूस मेंबरपण गप्प. कॅप्टन कर्क म्हणून क्रिस पाइन चालतो, तरुण स्पॉक म्हणून क्विन्टो जबरदस्त. पण डोक्याला खुराक देणारं जुनं ट्रेक इथे नाही, नुसती धावपळ, शिवाय ते डोळ्यात जाणारे लेन्स फ्लेअर, म्हणजे पडद्यावर चमकणारे प्रकाशाचे पट्टे (वैताग नुसता). व्हिलन निरो पण फिकाच. 5 पैकी साडेतीन, मोबाइलवर मात्र बघू नका.