कळफलकावरून गणिती चिन्हे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवर मी दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवतो. गेल्या जूनपर्यंत सराव प्रश्नपत्रिकेचा मजकूर टंकायचा, वर्गमूळ, कोन, एकरूपता ही चिन्हे छापील प्रतीवर पेनाने काढायची आणि मग झेरॉक्स काढायच्या, असा क्रम होता. जूनपासून मात्र, एक दिवस सोडला तर, एकही चिन्ह हाताने काढलेले नाही.

वर्डमध्ये ऑल्टची कळ धरून बरोबरचे चिन्ह (=) दाबले की समीकरणाची चौकट उघडते. तिच्यात बॅकस्लॅश आणि त्याला लागून एसक्यूआरटी ही इंग्रजी अक्षरे टंकून स्पेस दिली की √ उमटते; पुढे कंसात पदावली लिहून पुन्हा स्पेस दिली की कंस निघून जातो आणि वरची रेघ पदावलीच्या लांबीइतकी पसरते. तिरप्या रेघेने अंश आणि छेद आपोआप वरखाली बसतात. वर्गसमीकरणाचे सूत्र लिहायला मला पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे लागत. आता अर्धे मिनिटही लागत नाही.

तरीही सगळे त्या चौकटीतच लिहावे, असे माझे मत नाही. ओळीतल्या सुट्या चिन्हासाठी त्याचा युनिकोड क्रमांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला क्रमांक) टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबणे अधिक सोपे आहे : कोनासाठी २२२०, ‘म्हणून’च्या चिन्हासाठी (∴) २२३४, एकरूपतेसाठी (≅) २२४५. हे अंक इंग्रजीच हवेत, त्यामुळे मराठी कळफलकावरून विंडोज आणि स्पेसच्या कळांनी आधी इंग्रजीवर यावे लागते. खरा वेळ या ये-जा करण्यातच जातो. म्हणून मी आता सगळा मराठी मजकूर आधी लिहून घेतो, चिन्हांच्या जागा मोकळ्या सोडतो आणि त्या शेवटी एकदम भरतो.

वजाबाकीच्या चिन्हाकडे माझे बरेच दिवस लक्षच नव्हते. आपल्या देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांचा स्थिरांक मी दरवर्षी मुलांना करायला देतो : सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायची, की शेवटी ६१७४ येते. त्या प्रश्नात ७६४१ आणि १४६७ यांच्यामध्ये मी संयोगचिन्ह टंकले होते; ते आखूड दिसलेच, शिवाय ओळ तिथेच तुटून १४६७ खालच्या ओळीत गेले. वजाबाकीचे खरे चिन्ह वेगळे आहे आणि त्याचा क्रमांक २२१२ आहे. ते दिल्यावर ७६४१ − १४६७ = ६१७४ हे उदाहरण छापील पुस्तकातल्यासारखे दिसले.

सहामाहीच्या आधी एका छपाईच्या दुकानात माझी फाइल उघडली, तेव्हा ≅ च्या जागी रिकामे चौकोन आले होते, कारण ते चिन्ह असलेला माझा फॉण्ट त्या संगणकावर नव्हता. त्या दिवशी चाळीस प्रतींवर मला पुन्हा पेन चालवावे लागले. तेव्हापासून फाइल पीडीएफ करूनच पाठवतो. फॉण्ट तिच्यातच जातो आणि घरी दिसते तेच कागदावर उतरते.