मोटर कंट्रोलचं ट्रेनिंग पॅनेल: आठ महिने वापरल्यानंतर

माझं काम यांत्रिक देखभालीचं. बेअरिंग बदलणं, कपलिंग जुळवणं, पट्टे ताणणं यातच वर्षं गेली. मोटर बंद पडली की मात्र पॅनेलचं दार उघडायला इलेक्ट्रिशियनची वाट बघत उभं राहायचं, हे मनाला लागायचं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर हे शिकण्याचं पॅनेल घेतलं. तेव्हापासून आठवड्यातले तीन-चार दिवस रोज तासभर आम्ही दोघं त्यावर बसतो.

पॅनेलवर तीन फेजची पाऊण किलोवॅटची, म्हणजे एक एचपीची मोटर आहे. शिवाय तीन कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोटरचा सप्लाय जोडणारे स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा), टायमर, पुश बटणं, दिवे, एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) आणि एक छोटा ड्राइव्ह, म्हणजे मोटरची गती कमीजास्त करणारं उपकरण. जोडण्या प्लगच्या वायरींनी करायच्या, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. कंट्रोलचा सप्लाय २४ व्होल्टचा आहे, ही मोठी सोय. बटणांच्या सर्किटमध्ये चुका करताना धास्ती राहत नाही. मोटरच्या बाजूला मात्र ४०० व्होल्ट असतात, तिथे मेन बंद करून, मीटरने तपासून मगच हात घालायचा.

पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ड्रॉइंगचा. पॉवर सर्किट वेगळं आणि कंट्रोल सर्किट वेगळं काढलेलं असतं, आणि एकाच कॉन्टॅक्टरचे भाग दोन्हीकडे विखुरलेले असतात. कॉइल ए१-ए२ इकडे, मुख्य संपर्क तिकडे, १३-१४ चा संपर्क तिसरीकडेच. हे एकदा डोक्यात बसलं की पॅनेलमधल्या वायरींचं जंगल वाटत नाही. १३-१४ म्हणजे एनओ (एरवी उघडा असणारा), २१-२२ म्हणजे एनसी (एरवी जोडलेला असणारा), ९५-९६ म्हणजे ओव्हरलोडचा एनसी. शेवटचा आकडा बघूनच संपर्क कोणत्या जातीचा ते कळतं.

होल्डिंग, म्हणजे स्टार्टवरचं बोट काढल्यावरही मोटर चालू ठेवणारी जोडणी, मी पहिल्यांदा चुकीची जोडली. १३-१४ फक्त स्टार्ट बटणाला समांतर हवा होता, मी तो स्टार्ट आणि स्टॉप दोन्हींच्या बाहेरून घेतला. मोटर छान सुरू झाली, पण स्टॉप दाबला तरी थांबेना. कॉइलला होल्डिंगमधून सप्लाय मिळतच राहिला. इमर्जन्सी बटण त्याच्याही आधी होतं म्हणून ती थांबली. ते सर्किट मी त्या दिवशी पाच वेळा कागदावर काढलं. वीज गेल्यावर कॉन्टॅक्टर सुटतो आणि वीज परत आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही, हे संरक्षणही याच छोट्या संपर्कामुळे मिळतं. एखाद्याचा हात यंत्रात असताना वीज परत आली, तर त्याची किंमत काय हे आम्हा फिटर लोकांना वेगळं सांगायला नको.

पॅनेलच्या मागे कुलूप लावता येणारी एक पेटी आहे. तिच्यात दहा छोटे स्विच, प्रत्येक स्विच म्हणजे एक दोष. घेताना मी तिकडे लक्षही दिलं नव्हतं, आणि आज विचाराल तर पॅनेल घेण्याचं खरं कारण ही पेटीच. सहकारी मला न सांगता एखादा स्विच टाकतो आणि मी मीटर घेऊन शोधतो.

यातला एक दोष आठवडाभर डोक्यात राहिला. स्टार्ट दाबलं, कॉन्टॅक्टर खटकन ओढला, मोटर नुसती हुंकार देत जागीच उभी. एक फेज गेली हे उघड होतं, पण कुठे? अशा अवस्थेत मोटर लगेच तापते, म्हणून पाच-सहा सेकंदांतच रीडिंग घेऊन बंद करायचं. मोटरच्या तीन फेजच्या यू, व्ही, डब्ल्यू टर्मिनलवर यू-व्ही मध्ये ४०० व्होल्ट आले, यू-डब्ल्यू मध्ये साधारण २०० आणि व्ही-डब्ल्यू मध्येही २००. तुटलेल्या फेजवर शून्य दिसेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वाइंडिंगमधून उलट येणारा व्होल्टेज तिथे दिसत होता, बरोबर मधोमध. मग कॉन्टॅक्टरच्या एकेका पोलच्या वर आणि खाली मीटर लावला. जोडल्या गेलेल्या संपर्काच्या दोन टोकांत जवळपास शून्य यायला हवं. तिसऱ्या पोलवर साडेतीनशेच्या आसपास आले. म्हणजे हाच उघडा.

पुढे सहकाऱ्याने हाच दोष मोटर चालू असताना टाकला. लोड नव्हता, त्यामुळे मोटर फिरतच राहिली, आणि तुटलेल्या फेजवर मीटरने जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवला! फिरती मोटर तो स्वतःच तयार करते. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावल्यावर त्या वायरमधला करंट शून्य दिसला आणि उलगडा झाला. चालत्या मोटरचा फेज तपासायला मी आता आधी क्लॅम्प काढतो.

स्टार-डेल्टाबद्दल, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणाऱ्या स्टार्टरबद्दल, एकच सांगतो. असं पॅनेल घेताना मोटरची नेमप्लेट आधी वाचा. तिच्यावर डेल्टा ४०० असेल तरच ४०० व्होल्टवर हा स्टार्टर चालतो. बऱ्याच लहान मोटरींवर डेल्टा २३० आणि स्टार ४०० लिहिलेलं असतं. ती मोटर डेल्टात आली की वाइंडिंगवर २३० ऐवजी ४०० व्होल्ट बसतात आणि ती जळते. आमच्या पॅनेलची मोटर योग्य निघाली. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो, म्हणून जड लोड घेऊन सुरू होणाऱ्या यंत्राला ही पद्धत मानवत नाही.

आता तक्रारी. सोबतची पुस्तिका तोकडी आहे. ड्रॉइंग बरोबर आहेत, पण का असं जोडायचं याचं एक वाक्यही नाही. दुसरी, मोटरला लोडच नाही. १५०० च्या सिंक्रोनस गतीवर (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र फिरण्याच्या गतीवर) ती १४९० च्या आसपास फिरत राहते आणि करंट १.१ अँपिअरवर अडकतो. नेमप्लेटवरचे १४२० आरपीएम आणि १.८ अँपिअर कधी दिसतच नाहीत, मग स्लिप, म्हणजे या दोन गतींतला फरक, समजणार कशी?

यावर माझं रोजचं काम कामी आलं. एक जुनं डीसी यंत्र बेसप्लेटवर बसवलं, कपलिंग जुळवलं, गार्ड लावला आणि त्या यंत्राला जनरेटर करून दिवे जोडले. एकेक दिवा लावत गेलो तशी गती उतरत गेली, करंट चढत गेला. १४३० पर्यंत आल्यावर स्लिपचं गणित, ७० भागिले १५००, म्हणजे पावणेपाच टक्के, डोळ्यांसमोर घडत होतं. ड्राइव्हचं थांबण्याचं सेटिंगही याच जोडणीवर उमगलं. वेळ फार कमी ठेवली की फिरत्या वस्तुमानाची ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी सप्लायमध्ये) परत येते आणि तो ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर, आणि ती सापडली पाचव्या महिन्यात. दिवे वाढवता वाढवता करंट २.३ वर गेला. मोटरच्या अंगावर हात ठेववेना, तरी ओव्हरलोड रिले शांत. मग त्याची डायल नीट वाचली: २.५ ते ४ अँपिअर. मोटर १.८ ची आणि रिलेची सगळ्यात खालची खूणच २.५! २.३ अँपिअरला वाइंडिंगमधली तांब्याची उष्णता नेहमीच्या दीडपटीहून जास्त होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. आणि हा रिले ते कधीच बघणार नव्हता. शिकवण्यासाठी बनवलेल्या पॅनेलवर ही चूक असणं मला पटत नाही. विक्रेत्याला लिहिलं, फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. शेवटी १.६ ते २.५ रेंजचा रिले आम्ही स्वतः बसवला.

ज्यांना पीएलसी (यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) शिकायचं आहे त्यांना इथे काही मिळणार नाही. एकट्याने शिकणाऱ्यालाही मागच्या पेटीचा फायदा निम्माच होईल, दोष टाकायला दुसरा माणूस हवा. दोघं असाल तर रिलेची रेंज आधी विचारून घ्या आणि खुशाल घ्या.

नवा रिले १.८ वर लावून आम्ही तेच दिवे पुन्हा पेटवले. क्लॅम्पवर २.३ दिसत होते. काही मिनिटांत खट्ट आवाज आला, ९५-९६ उघडला, कॉन्टॅक्टर सुटला आणि रिलेच्या ९७-९८ या एनओ संपर्कावर जोडलेला ट्रिपचा पिवळा दिवा आठ महिन्यांत पहिल्यांदा खऱ्या ओव्हरलोडने लागला.