ले-आउटचे रस्ते: बैठक, फॉर्म, फेरी की आधी करून बघायचं?

आपल्या नागपुरात ले-आउटमधे, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, रस्त्याचं काम निघणार असलं आणि लोकांचं म्हणणं कसं घ्यायचं यावर ग्रुपवर वाद चालू असला, की बहुतेक तीनच गोष्टी निघतात. बैठक, गुगल फॉर्म, नाहीतर सगळ्यांनी मिळून पायी फेरी. चौथी कोणी काढत नाही, ती म्हणजे बदल आधी चुना न् ड्रमनं आखून आठ-दहा दिवस चालवून बघणं. माझं मत आधीच सांगतो, वेळ घालायचा तर फेरीत आणि चाचणीत घाला.

बैठक सोपी आहे. समाजभवनात रविवारी संध्याकाळी सतरंजी टाकली की झालं, मनपाच्या झोन ऑफिसचे इंजिनियर आले तर उत्तमच, आणि सह्या मिळतात त्या पुढे कामी येतात. पण येते कोण? रिटायर्ड काकाजी मंडळी, तेही कारवाले, मग विषय ठरलेले, सिमेंट रोड कधी, पार्किंगचं काय, माझ्याच गेटसमोर पाणी का साचते. सायकलनं शाळेत जाणारी पोरगी, चार घरची धुणीभांडी करायला पायी फिरणारी मावशी, भाजीचा ठेलेवाला, यातलं कोणीच तिथं नसते, आणि गाडीखाली यायची भीती त्यांनाच जास्त. शिवाय प्रभागात नगरसेवक चार, एकालाच बोलावलं की बाकीचे तिघं रुसून बसणार.

फॉर्म बाया-पोरंही भरतात, तेवढाच फायदा. "ब्रेकर पाहिजे" ला सगळे हो म्हणतील, कुठं पाहिजे ते कोणी लिहिणार नाही.

फेरी मात्र शाळा भरायच्या वेळी काढा, टेप सोबत ठेवा. मे महिन्यात ४५ डिग्रीत निघू नका राजेहो, पण जुलैत एक फेरी पाहिजेच, कारण सिमेंट रोड उंच झाल्यावर पाणी कोणाच्या अंगणात शिरून राहिलं हे तेव्हाच दिसते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या मानकात राहत्या भागात फुटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा पाहिजे, मोकळा म्हणजे विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर), झाड, पानठेला सोडून, आणि टेप लावली की त्यावर वाद उरत नाही. ब्रेकरचंही तसंच, मानकातला गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद न् १० सेंटीमीटर उंच असतो, गाडी साधारण २५ च्या स्पीडनं आरामात जाते. आपल्याकडे रातोरात सिमेंटचा बांध घालतात, म्हाताऱ्यांची कंबर मोडते आणि पोट्टे बाजूच्या फटीतून बाईक काढून मोकळे.

फेरीतच कळते की रस्ते एकमेकांना जुळतच नाहीत. ले-आउट वेगवेगळ्या मालकांनी आपापल्या वेळी पाडले, त्यामुळे एकाचा रस्ता संपतो तिथं दुसऱ्याची भिंत, नाहीतर मधे नाला. शाळा भिंतीपलीकडे दिसते पण पोरं मेन रोडला वळसा घालून जातात. भिंत फोडा म्हटलं की पलीकडचे उठतात, आमच्या गल्लीतून शॉर्टकट सुरू होईल, आणि त्यांचं काही चुकत नाही.

इथंच चाचणी कामाला येते. भिंतीत फट उघडून तिथं खांब लावायचे, पायी न् सायकलवाला जाईल, कार अडेल, बाईकसाठी खांब थोडे आडवेतिडवे ठेवा (तरी एखादा घुसतोच). चौकातही तसंच, कोपऱ्यावर ड्रम ठेवून वळण आवळलं की गाड्या हळू होतात, ओलांडायचं अंतरही कमी होते. कचरागाडी न् स्कूलबस वळते का तेही कळते, नाही वळली तर ड्रम फूटभर सरकवायचे, फोडाफोड नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' उपक्रमात हीच पद्धत होती, आधी तात्पुरतं मग पक्कं, आणि नागपूरही त्यात होतं. अडचण एकच, परवानगी. मनपा आणि ट्रॅफिक पोलीस दोघांचीही लेखी घ्या, आपल्या मनानं ड्रम ठेवून कोणी रात्री धडकलं तर भानगड तुमच्याच गळ्यात.

आता वर्क ऑर्डर निघून गेली असेल तर चाचणीला वेळ नाही, एक फेरी मारा आणि लगेच इंजिनियरसोबत बैठक घ्या, त्यात रस्त्याची लेव्हल न् नालीचा उतार एवढंच धरून बसा. काम अजून कागदावर असेल तर आधी फेरी, मग चाचणी, आणि सह्यांची बैठक शेवटी. पण त्याच्याही आधी रस्ता मनपाचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) ते लेखी विचारून घ्या, नाहीतर सगळा गठ्ठा भलत्याच टेबलावर पडून राहतो.