कच्च्या कॉफीबिया, १ किलो: चव आवडली, पण पाकिटावरचं एए कुठंय?

भाजलेल्या बियांचं पाव किलोचं पाकीट पाचशेच्या पुढे गेलं तेव्हा म्हटलं आता कच्च्याच मागवू आणि घरी भाजू. चिकमगळूरच्या म्हणून ऑनलाइन घेतल्या, किलोला सातशे चाळीस पडले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, एका पाकिटावरून कुणाला झोडपायला नको.

पाकिटावर लिहिलंय प्लांटेशन एए. प्लांटेशन म्हणजे अरेबिका जातीची धुतलेली कॉफी, म्हणजे फळाचा गर काढून, पाण्याने धुऊन मग वाळवलेली (फळ तसंच वाळवलं की तिला चेरी म्हणतात), आणि एए म्हणजे बहुतेक बिया ७.१ मिमीच्या चाळणीतून खाली पडणार नाहीत एवढ्या मोठ्या. माझ्या पाकिटात मोठ्या, बारक्या, फुटक्या सगळ्या एकत्र, वर दोन खडे! डाळ निवडतो तशा निवडल्या, त्याचं काही नाही, पण बारक्या आधी करपतात आणि मोठ्या आत कच्च्या राहतात, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाहीये.

भाजायला वेगळं मशीन वगैरे घेतलं नाही. लोखंडी कढई, मध्यम गॅस, एका वेळी २०० ग्रॅम आणि हात अजिबात थांबवायचा नाही. आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग बिया पिवळ्या पडल्या की रवा भाजल्यासारखा, आणि साधारण दहाव्या मिनिटाला लाह्या फुटतात तसा आवाज सुरू होतो. तो थांबून थोड्या वेळाने दुसरा आवाज येतो, बारीक, मोहरी तडतडते तसा, मला त्याच्या आधीच उतरवलेली आवडते. पहिल्या वेळी गॅस बंद करून बिया कढईतच ठेवल्या, तर त्या तिथेच भाजत राहिल्या आणि कोळसा झाला. सासूबाई आतून, "अगं काय जाळतेस?" आता लगेच चाळणीत ओतते आणि टेबलफॅनसमोर धरते. पण हे बाल्कनीतच करा, कारण सालपटं घरभर उडतात आणि धूरही होतो. उरलेली सालपटं सुपात पाखडली की झालं, हे काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलंय. २०० चे १७० ग्रॅम होतात, म्हणजे स्वस्त पडते म्हणताना ही घटही धरा.

आता मुख्य गोष्ट, जी पाकिटावर कुठेच लिहिलेली नाही. भाजल्या दिवशी पिऊ नका!! मी प्यायले आणि वाटलं सातशे रुपये पाण्यात, नुसती तुरट आणि धुरकट. भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्यामुळे पाणी ओतलं की पूड फसफसून वर येते आणि अर्क नीट उतरत नाही. त्याच बिया चौथ्या दिवशी प्यायले तर वेगळीच कॉफी, गुळासारखी गोडसर, मागे थोडी आंबट, साखर लागलीच नाही.

दळायचं म्हणाल तर मिक्सरने घोळ घातला, अर्धी पूड मैद्यासारखी आणि अर्धी कणीदार, स्टीलच्या फिल्टरची भोकं बुजली आणि डिकॉक्शन उतरायला पाऊण तास. आता मिक्सर थांबून थांबून फिरवते आणि मैदा चाळून काढते, तेवढ्यावर वीस मिनिटांत उतरतं. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची भुकटी) नाही त्यामुळे विकतच्या पुडीसारखं दाट होत नाही, दूध कमी घाला. सासूबाईंचं म्हणणं जायफळ नसेल तर ती कॉफीच नाही, त्यांच्या कपात किसून घालते.

बियांना ५ पैकी ३. चवीला चार दिले असते, एक त्या एएच्या थापेचा कापला. पुढच्या वेळी दुसरीकडून आधी पाव किलोच मागवणार.