हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल): एक पावसाळा वापरल्यानंतर, आणि मुख्यतः पुढच्या करकरीबद्दल

आधी दोन ओळींत उरकतो. ब्रेक झकास, गिअर बरे, सीट घेतल्या घेतल्या बदला. १०० मिमीचा कॉइल फोर्क (पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा शॉकर), २९ची चाकं, हायड्रॉलिक डिस्क वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते पुढून येणाऱ्या आवाजाबद्दल, कारण या सायकलवर माझं डोकं जेवढं फिरलंय ते सगळं त्या आवाजापायी.

नाशिकजवळचा अंजनेरी फाटा सोडून गावाच्या वरच्या चढाला लागलं आणि सीटवरून उठून पेडल मारलं, की दर पेडलला पुढून ‘कट्’. बसून चालवली तर गप्प. पुढचा ब्रेक दाबला की एक लांबलचक करकर. ग्रुपमधले एक काका म्हणायचे, “तुझी सायकल दिसायच्या आधी ऐकू येते रे.”

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर: “सर, एमटीबी आहे, थोडा आवाज करणारच. सेट होईल.” पुढच्या वेळी: “हेडसेट बदलावा लागेल, अकराशे रुपये.” (हेडसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगची जोडी.) त्यानंतर: “बॉटम ब्रॅकेट असेल, तोही बदलून बघू.” (म्हणजे पेडलच्या मधल्या दांड्याचं बेअरिंग.) बदलून बघू! पैसे माझे, बघणार हे. शिवाय फ्री सर्व्हिसच्या नावाखाली सायकल गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने धुऊन दिली. त्या पाण्याने काय केलं ते पुढे येतंच आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आवाज कुठून येतोय हे ठरल्याशिवाय पार्ट मागवला तर आमच्याकडे सुपरवायझर हजेरी घेतो. तोच नियम घरी लावला.

पहिला प्रश्न, पेडलचा आवाज की पुढचा? ॲल्युमिनियमच्या पोकळ फ्रेममधून आवाज कुठूनही कुठेही जातो, कानावर विसंबून चालत नाही. त्यामुळे सायकलवर बसायचंच नाही. शेजारी उभं राहून पुढचा ब्रेक घट्ट धरायचा, हँडलवर वजन टाकून सायकल पुढे-मागे रेटायची. पेडल फिरतच नाही आणि तरी कट् आलं, म्हणजे बॉटम ब्रॅकेट निर्दोष सुटला. तिथेच सेंटरचा एक अंदाज बाद झाला.

मग फुकटात तपासण्यासारखं आधी. चाक धरणारा क्विक रिलीजचा दांडा काढून पुसला, टोकांना ग्रीसचा हात फिरवला. डिस्कचे सहाही बोल्ट पाहिले. केबल फ्रेमला जिथे घासतात तिथे टेप लावली. काही फरक नाही. नंतर पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडलची टोकं आळीपाळीने खाली दाबली, तर स्टेमपाशी, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्यापाशी, बारीक ‘टिक’. त्याच्या पुढच्या झाकणाचे, फेसप्लेटचे, चार बोल्ट उघडले. ३१.८ मिमीच्या त्या पकडीत पावसाळ्याची बारीक माती बसून पॉलिश पेपरसारखी झाली होती. पुसली, बोल्टच्या आट्यांना किंचित ग्रीस लावलं, आणि स्टेमवर छापलेल्या ५ न्यूटन-मीटरवर आडवेतिडवे, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू पूर्ण आवळून मोकळं होणारे बरेच आहेत. मग फेसप्लेटची फट वरखाली वेगवेगळी राहते आणि आवाज परत येतो.

निम्मा आवाज गेला. त्या रात्री या सायकलला साडेचार तारे देऊन टाकायच्या बेतात होतो. बरं झालं दिले नाहीत.

त्र्यंबकेश्वरच्या बाजूला पावसात एक चक्कर झाली आणि करकर हजर. आता हेडसेट खोलला. वरचं बेअरिंग नव्यासारखं. खालच्यावर मात्र तांबडा गंज, पुढच्या चाकाचा चिखल थेट तिथेच उडतो. वर त्या प्रेशरच्या धुलाईने उरलंसुरलं ग्रीसही पळवलेलं. एमआयडीसीत बेअरिंगची दुकानं पायलीला पन्नास, पण तिथलं साधं बेअरिंग इथे बसत नाही. हेडसेटच्या बेअरिंगच्या कडा तिरक्या असतात आणि त्यांचे कोन बहुतेक बेअरिंगवर कोरलेले असतात, ३६×४५ किंवा ४५×४५. तो आकडा आणि माप लिहून नेलं, साडेतीनशेत काम झालं. अकराशे कशाचे होते, देव जाणे.

बसवताना क्रम महत्त्वाचा. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट आधी ढिले करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू आवळायचा, ढिलेपणा संपेल पण हँडल मोकळं फिरेल इतकाच. हँडल चाकाशी सरळ करून शेवटी बाजूचे बोल्ट. बाजूचे बोल्ट घट्ट असताना टोपी कितीही पिळा, बेअरिंगवर दाब जातच नाही.

एवढं करून चढावरची कट् गेली, ब्रेकखालची करकर तशीच. मग कारखान्यातला जुना उपाय: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका जागेवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आणि दुसऱ्याने सायकल रेटायची. धाकट्या भावाला कामाला लावलं. हेडट्यूबवर (फ्रेमची पुढची उभी नळी) पुसट, स्टेमवर शांत, फोर्कच्या क्राउनवर (दोन पाय जोडणारा वरचा भाग) खणखणीत. मग बोटाचं टोक क्राउन आणि त्यातून वर हँडलकडे जाणाऱ्या स्टिअरर नळीच्या सांध्यापाशी ठेवलं, तर आवाजाबरोबर बारीक टिचकी बोटालाही लागली.

इथे मेख अशी आहे. या वर्गातल्या बऱ्याच फोर्कमध्ये स्टिअरर नळी स्टीलची आणि क्राउन ॲल्युमिनियमचा असतो, आणि दोन्ही प्रेसने दाबून बसवतात. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. ती पकड जराशी ढिली पडली, की ब्रेकच्या जोरात धातूवर धातू सरकतो. त्याला आवळायला काही नसतं, ग्रीसही आत जात नाही. फटीत पातळ लॉकटाइट (धातू चिकटवणारा गोंद) सोडणारे लोक आहेत, पण तो आवाज दाबण्याचा उपाय. तडा दिसतोय का ते मात्र आधी पाहून घ्या; दिसला तर चालवूच नका.

वॉरंटी मागितल्यावर ठरलेलं वाक्य आलं: “सर, हे वापरामुळे झालंय.” सायकल वापरायलाच घेतली होती, शोकेसमध्ये ठेवायला नाही. स्क्रूड्रायव्हरचा व्हिडिओ, बिल आणि हेडसेट, स्टेम, चाक बाद झाल्याची क्रमवार यादी थेट कंपनीला मेल केली. आणि इथे खरंच गंमत झाली, फारशी हुज्जत न घालता फोर्क बदलून मिळाला. तेव्हापासून पांडवलेणी, गंगापूर धरण, रामशेजच्या पायथ्यापर्यंतचा खडबडीत रस्ता, सगळीकडे पुढून चूं नाही. नवा फोर्क जुन्यापेक्षा लुसलुशीतही वाटतो.

म्हणून चार तारे. पाचवा मिळाला असता, पण सेंटरने वॉरंटीतला फोर्क बसवायचे चारशे रुपये लेबर लावले आणि त्याची पावती अजून दिलेली नाही.