गोल्डनचं सॉफ्ट जेल (ग्लॉस): चिकटवायला उत्तम, पॅकिंगला तापदायक

मिश्र माध्यमातलं काम एका भिंतीवर फार काळ थांबत नाही. स्टुडिओतून गॅलरीत, तिथून खोक्यात, मग पुढच्या प्रदर्शनाला. कागद, कापड, छापील चित्रं, वाळू, धागा हे सगळं या प्रवासात धरून ठेवणाऱ्या माध्यमांमध्ये गोल्डन कंपनीच्या सॉफ्ट जेल ग्लॉसला आम्ही पहिला नंबर देऊ. मात्र घेण्याआधी त्याचा स्वभाव माहीत हवा.

हे मुळात रंगद्रव्य न घातलेलं ॲक्रिलिक. घट्टपणा मलईदार दह्याइतका, त्यामुळे ब्रशनेही लावता येतं आणि रोलरनेही पसरतं. ओलं असताना दुधी दिसतं, वाळलं की पारदर्शक होतं. साधा पांढरा गोंद वाळल्यावरही पाणी लागलं की पुष्कळदा मऊ पडतो, हे तसं होत नाही. म्हणून वरून पातळ रंगाचे हात बिनधास्त देता येतात.

खरा घोळ होतो तो ग्लॉस की मॅट या निवडीत. चमक नको म्हणून बरेच जण मॅट जेल उचलतात. मॅटमध्ये चमक मारणारी बारीक पूड असते. एका पातळ थरात ती जाणवत नाही, पण गडद रंगावर तीन-चार थर चढले की काळा रंग राखाडी दिसू लागतो, आणि ती धुरकट झाक नंतर काढता येत नाही. आतले सगळे थर ग्लॉसचे ठेवावेत आणि चमक शेवटी मॅट व्हार्निशने मारावी. या एका बाबतीत आम्ही तडजोड सुचवणार नाही.

कागद चिकटवताना सुरकुत्या पडल्या की दोष जेलला दिला जातो. प्रत्यक्षात कागद एका बाजूने भिजून फुगतो, दुसरी बाजू कोरडीच राहते, म्हणून तो वळतो. जाड कागद आधी दोन्ही बाजूंनी हलका ओलसर करावा. मग फळीवर आणि कागदाच्या पाठीवर, दोन्हीकडे जेलचा पातळ सलग थर द्यावा. कागद ठेवून मधून कडांकडे रोलर फिरवावा आणि बाहेर आलेलं जेल लगेच पुसावं. कडा उचलल्या जातात त्या बहुतेकदा तिथे जेल पोचलेलं नसतं म्हणून. वरचा थर खालचा पूर्ण वाळल्यावरच द्यावा, नाहीतर आतला ओलावा अडकून फुगे धरतात.

छापील चित्र उतरवायला तर हे माध्यम फारच छान. लेझर प्रिंट किंवा टोनरची झेरॉक्स घ्यावी. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात पसरते. अक्षरं असतील तर आधी आरशातल्यासारखी उलटी छापून घ्यावीत. जेलच्या थरावर छापील बाजू खाली करून दाबायचं, रात्रभर वाळू द्यायचं, मग कागद ओला करून बोटांनी हलके चोळत लगदा काढायचा. पांढुरकी झाक राहिलीच तर ती उरलेल्या तंतूंची असते. जोर लावून घासलं तर टोनरही निघतो. त्यापेक्षा वरून जेलचा एक हात द्यावा, झाक बरीचशी विरते.

आता तक्रारी. जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. त्यामुळे भेगा पडू शकतात आणि दुधी रंग कित्येक आठवडे जात नाही. उठाव हवा असेल तर याच कंपनीचं हेवी जेल घ्यावं, तेही थराथरानं. हार्डबोर्ड किंवा कच्च्या कॅनव्हासवर थेट लावलं तर जेलमधलं पाणी आधारातला पिवळट-तपकिरी अंश वर ओढतं आणि पारदर्शक थर चहाच्या रंगाचा होतो. नुसता जेसो (रंगवण्याआधी द्यायचा पांढरा अस्तराचा थर) हे रोखायला पुरत नाही. त्याआधी पातळ ॲक्रिलिक पॉलिमरचे दोन हात द्यावेत. लोखंडी वस्तूंना याच पाण्यानं गंज चढतो, त्यामुळे त्या आधी व्हार्निश करून घ्याव्यात, आणि वजनदार असतील तर तारेने किंवा स्क्रूनेच बांधाव्यात. वर्तमानपत्राची कात्रणं जेलखालीही पिवळी पडतातच. कारण आम्ल कागदात असतं आणि ऊन जेलमधून आरपार जातं.

सगळ्यात मोठी अडचण पॅकिंगची. वाळलेलं ॲक्रिलिक उष्णतेत मऊ आणि किंचित चिकट होतं. बबल रॅप थेट पृष्ठभागावर टेकला तर फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात आणि दोन चित्रं समोरासमोर ठेवली तर एकमेकांना धरतात. मध्ये सिलिकॉनचा थर असलेला कागद घालावा. शक्य असेल तर चित्राला काहीच टेकणार नाही अशी चौकट करून खोक्यात बसवावं. थंडीत उलटा प्रकार: थर ताठर होतो आणि गुंडाळलेला कॅनव्हास घाईनं उलगडला तर तडकतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. लावतानाही हवा १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर थर नीट जुळून येत नाही.

व्हार्निशआधीच्या संरक्षक थरासाठीही हेच जेल चालतं: दोन भाग जेल, एक भाग पाणी. हळूच ढवळून रात्रभर झाकून ठेवावं म्हणजे फेस बसतो. रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेनं लावावं आणि ओल्या जागी पुन्हा ब्रश फिरवू नये. त्यावर मिनरल स्पिरिटने (पेट्रोलियमपासूनच्या द्रावकाने) निघणारं व्हार्निश द्यावं, म्हणजे पुढे कधी चित्र स्वच्छ करताना कोलाजला धक्का लागत नाही. प्रदर्शनाच्या लेबलवर नुसतं ‘मिश्र माध्यम’ लिहिलं जातं, त्यातून चित्र दुरुस्त करणाऱ्याला काहीच कळत नाही. चित्राच्या पाठीवर जेलचं नाव, संरक्षक थर दिला आहे का, आणि व्हार्निश कशानं निघतं, एवढं पेन्सिलीनं लिहून ठेवावं.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी २३७ मिलीचाच डबा घ्यावा. तोंडाशी सुकलेल्या पापुद्र्याचे कण आत पडले की प्रत्येक थरात खडे येतात. दर वेळी झाकण लावण्याआधी कडा पुसाव्यात.